उन्हाळी सुटी आणि समुद्र : तीन पंचांगांचा अभ्यास

वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक फळ्यावर लागले, की विद्यार्थ्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर आणखी एक वेळापत्रक हळूच उमटू लागते. ते सुटीचे असते. यंदा कोठे जावयाचे, किती दिवस राहावयाचे, बरोबर कोण येणार, हे प्रश्न मार्च महिन्यात घरोघर निघतात. मात्र ते बहुधा जेवताना निघतात आणि जेवण आटोपताच विसरले जातात. मग मे महिन्याच्या मध्यावर सर्वांची एकाएकी धावपळ उडते. गाडीत जागा नसते, उतरावयास खोली नसते, आणि असलीच तर तिचे भाडे ऐकून वडील मुकाट्याने दूरध्वनी खाली ठेवतात. विद्यार्थी मित्रहो, या धावपळीला आपण दैव म्हणतो. वास्तविक तो हिशेबाचा प्रश्न आहे, आणि तो नववी-दहावीच्या भूगोलाने व साध्या अंकगणिताने पुष्कळसा सुटतो. त्यासाठी तीन पंचांगे समोर ठेवावी लागतात : शाळांचे, आकाशाचे आणि वाहनांचे.

प्रथम शाळांचे पंचांग पाहू. गर्दी होते ती समुद्र सुंदर असतो म्हणून नव्हे. तो डिसेंबरातही सुंदरच असतो. गर्दी होते ती सर्वांना एकाच वेळी मोकळीक मिळते म्हणून. कर्नाटकातील शाळांना साधारणतः ११ एप्रिलच्या सुमारास सुटी लागते आणि मेअखेरीस, २८-२९ तारखेच्या आसपास, शाळा पुन्हा भरतात. महाराष्ट्रात एप्रिलचा उत्तरार्ध परीक्षांत जातो. तेथे खरी सुटी मे महिन्याच्या आरंभी लागून जूनच्या मध्यापर्यंत चालते. गोव्यात तर २०२५पासून सहावीपासून पुढच्या बहुतेक वर्गांचे नवे वर्ष एप्रिलातच सुरू करून सुटी मे महिन्यात देण्याची पद्धत घातली गेली. या तीन राज्यांच्या सुट्या एका कागदावर आडव्या रेघांनी काढून पाहा. हुबळी-धारवाडच्या मुलाला एप्रिलच्या मध्यापासून अखेरीपर्यंत दोन-अडीच आठवडे असे मिळतात, की ज्या वेळी पुण्या-मुंबईचा मुलगा अजून उत्तरपत्रिका लिहीत असतो. समुद्रकिनारा या दिवसांत अगदी ओस असतो असे नाही. पण मे महिन्याची झुंबड अद्याप यावयाची असते. मात्र गुड फ्रायडे केव्हा येतो ते आधी पाहून घ्यावे. त्याला लागून शनिवार-रविवार येत असल्यामुळे बंगळूरची मंडळी त्या तीन दिवसांत गोकर्णापासून कळंगुटापर्यंतचा किनारा व्यापून टाकतात. त्या आधीचा किंवा नंतरचा सोमवार ते गुरुवार साधावा.

आपल्याकडे हे वेळांचे अंतर आपोआप घडून आले आहे. जर्मनीत ते मुद्दाम घडविले जाते. त्या देशाची १६ राज्ये आपापल्या शाळांच्या उन्हाळी सुट्या एकमेकांशी ठरवून मागेपुढे सुरू करतात; कोणाची जूनअखेरीस, तर कोणाची थेट जुलैअखेरीस. साऱ्या देशाने एकाच शनिवारी मोटारी बाहेर काढून दक्षिणेची वाट धरू नये, हा त्यातील एक हेतू. ही दक्षिण म्हणजे बहुधा भूमध्य समुद्राचा किनारा. एवढी काळजी घेऊनही जुलै-ऑगस्टात तो किनारा भरून वाहतो. १५ ऑगस्टला आपण ध्वजवंदन करतो, तेव्हा इटलीत सुटीचा परमोच्च दिवस असतो. गर्दीपुढे हात टेकून व्हेनिस नगरीने २०२४ सालच्या वसंतापासून ठरावीक दिवशी, केवळ दिवसभरापुरत्या येणाऱ्या प्रवाशांकडून प्रवेशशुल्क घेण्यास आरंभ केला. आणि अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवर २०२३पासून दिवसाला २०,००० दर्शकांची मर्यादा घालून वेळा नेमून दिल्या गेल्या. देवदर्शनाच्या रांगेत वेळ नेमून देण्याची पद्धत आपल्याला नवी नाही; त्यामुळे आपण याचे फारसे आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

आता आकाशाचे पंचांग. येथे आपला समुद्र आणि भूमध्य समुद्र अगदी उलट वागतात, आणि गंमत अशी, की दोहोंचे मूळ कारण एकच आहे. सूर्य उत्तरेकडे सरकला, की त्याच्याबरोबर वायुभाराचे पट्टेही उत्तरेकडे सरकतात. भूमध्य समुद्रावर त्यामुळे जास्त दाबाचा पट्टा येऊन बसतो. हवा खाली उतरते, ढग बनत नाहीत आणि जून ते ऑगस्ट पावसाचा थेंबही दुर्मिळ होतो. आपल्याकडे मात्र त्याच काळात वायव्य भारत तापून तेथे कमी दाब निर्माण होतो आणि नैर्ऋत्येचे ओले वारे समुद्रावरून धावत येतात. म्हणून तिकडील कुटुंब जुलैत निर्धास्तपणे समुद्रस्नानाला जाते आणि आपण जुलैत छत्री दुरुस्त करून घेतो. तिकडील धोका पावसाचा नसून उन्हाचा असतो. जुलै २०२३मधील उष्णतेच्या लाटेत ॲक्रोपोलिस भर दुपारी प्रवाशांना बंद ठेवावा लागला होता.

आपला धोका मेअखेरीचा आहे. मोसमी पाऊस केरळात १ जूनच्या सुमारास आणि गोव्यात त्यानंतर चार-पाच दिवसांनी येतो, असे आपण पाठ करतो. ते सरासरीचे गणित आहे. सरासरी काही वचन देत नाही. २०२५ साली पाऊस २४ मे रोजीच केरळात दाखल झाला आणि दुसऱ्या दिवशी कोकणात देवगडपर्यंत पोहोचला. ज्यांनी सुटीचा शेवटचा आठवडा समुद्रासाठी राखून ठेवला होता, त्यांना खोलीच्या खिडकीतून समुद्र पाहावा लागला. पाऊस आला नाही तरी मे महिन्याच्या उत्तरार्धात वारा फिरतो, लाटा उंचावतात, पाणी गढुळते. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या मेअखेरीस बंद होतात त्या पावसाळा सरेपर्यंत. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. समुद्रावर पोट असलेला माणूस ज्या समुद्रापासून दूर राहतो, तेथे पाहुण्याने धाडस करू नये. माझे मत विचाराल तर समुद्रासाठी १५ मे ही शेवटची तारीख धरावी आणि पुढचे दिवस आजोळासाठी ठेवावेत.

तिसरे पंचांग वाहनांचे. येथे तारखा आधीच ठरून गेलेल्या असतात. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडत असे. १ नोव्हेंबर २०२४पासून ही मुदत ६० दिवसांवर आणली गेली. म्हणजे ज्यांना १५ मे रोजी निघावयाचे आहे, त्यांच्यासाठी १६ मार्चला सकाळी ८ वाजता खिडकी उघडते. २० एप्रिलला निघणाऱ्यांची खिडकी १९ फेब्रुवारीलाच उघडून जाते. (मोजून पाहा, फेब्रुवारी २८ दिवसांचा धरला आहे.) सारांश, सुटीचा निर्णय परीक्षेच्या आधी व्हावयास हवा, परीक्षेनंतर नव्हे. जातानाचे तिकीट काढून येतानाचे विसरणारी मंडळी दर वर्षी भेटतात. परतीची खिडकी तितक्याच दिवसांनी पुढे उघडते, ती तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवावी.

धारवाडहून गोव्याचा लोहमार्ग लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर, कुळे असा घाट उतरतो. कॅसलरॉक हे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत सीमेवरील स्थानक होते. घाटाचा चढ इतका कठीण, की काही ठिकाणी ३७ फूट पुढे जाताना १ फूट वर जावे लागते; म्हणून गाडीला जादा एंजिने जोडतात. हा प्रवास मुलांना अवश्य घडवावा. मात्र दूधसागराचे चित्र मनात ठेवून मे महिन्यात खिडकीशी बसणाऱ्यांची निराशा होते. तो तेव्हा खडकावरून ओघळणारी एक-दोन पांढरी सुते असतो. त्याचे खरे रूप पावसाळ्यात पाहावे.

गोवा म्हणजेच समुद्र, अशी मात्र आपली उगाच समजूत झाली आहे. आपल्या राज्याचा कारवार, अंकोला, गोकर्ण हा किनारा हुबळीहून यल्लापूरच्या रस्त्याने चार-पाच तासांवर आहे. रवींद्रनाथ ठाकूर तरुणपणी, १८८३ साली, बंधूंकडे कारवारात राहून गेले. तेथील किनाऱ्याला आज त्यांचेच नाव आहे. या बाजूस हुबळीहून थेट रेल्वे नाही. हुबळी-अंकोला मार्ग १९९०च्या दशकाच्या अखेरीस मंजूर झाला, पण पश्चिम घाटाच्या अरण्याचा प्रश्न त्याच्या आड आला. तेव्हा मोटारबस हाच आधार. आणि येथे अंकगणित उपयोगी पडते. आजी, आई, वडील, नववीतील मुलगी व तिसरीतील मुलगा असे पाच जणांचे कुटुंब घेऊ. ११ जून २०२३पासून कर्नाटकातील रहिवासी स्त्रियांना राज्यांतर्गत साध्या सरकारी बसमध्ये भाडे पडत नाही. ओळखपत्र मात्र जवळ असावे लागते. म्हणजे कारवारला जाताना वडिलांचे एक आणि मुलाचे अर्धे, एकूण दीड तिकीट. ही सवलत आंतरराज्य बसला नसल्यामुळे पणजीला जाताना चार पूर्ण आणि एक अर्धे, एकूण साडेचार. अंतर जवळपास सारखेच, पण भाडे तिप्पट! उरलेल्या पैशांत किनाऱ्यावरचा एक मुक्काम वाढवता येतो. अर्थात ही सवलत सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे सुटीत त्या बसमध्ये पाय ठेवण्यास जागा नसते. आजींना घेऊन जाणाऱ्यांनी पहाटेची पहिली बस धरावी.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर दिवसाची आखणी वाऱ्यावरून करावी. दिवसा जमीन लवकर तापते, तेथील हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे वाहू लागतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे उलट दिशेने जातात. धारवाडची कोरडी हवा सोसणाऱ्या माणसाला किनाऱ्यावरचा दमटपणा अधिक जाचतो, कारण तेथे घाम वाळत नाही. म्हणून पहाट व संध्याकाळ पाण्याची, दुपार सावलीची. भरतीची वेळ काढण्यासाठी कोकणात जुने सूत्र आहे : तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हे सूत्र मुंबईच्या बाजूचे. कारवारकडे भरती त्याआधी येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण मोठे असते.

आणि आता एक गंभीर गोष्ट. डिसेंबर २०२४मध्ये, समुद्र शांत समजला जाणाऱ्या दिवसांत, मुरुडेश्वरला सहलीस आलेल्या कोलार जिल्ह्यातील एका निवासी शाळेच्या चार विद्यार्थिनी बुडून मरण पावल्या. त्या तुमच्याच वयाच्या होत्या. फुटणाऱ्या लाटांच्या दोन रांगांमध्ये जेथे पाणी सपाट व शांत दिसते, तेथेच पुष्कळदा किनाऱ्याकडून आत खेचणारा प्रवाह असतो. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झगडत पोहू नये, शक्ती संपते. तरंगत राहून हात वर करावा, अथवा किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीच्या पट्ट्याबाहेर यावे. लाल निशाण दिसेल तेथे पाण्यात उतरू नये. लाल-पिवळ्या निशाणांमधील जागेवर जीवरक्षकांचे लक्ष असते. मुक्काम निवडताना खोलीच्या भाड्याआधी जवळच्या किनाऱ्यावर जीवरक्षक आहेत काय, हे विचारावे.

एप्रिलात जावे, असे मी वर म्हटले. त्यावर घरातील मुले एकच हरकत घेतील, आणि ती खरी आहे : पुण्याची मावसभावंडे एप्रिलात येऊ शकत नाहीत. हीच अडचण परदेशी गेलेल्या आप्तांची. एखाद्याची आत्या मिलानला किंवा म्युनिकला असते. तिच्या मुलांना सुटी जुलै-ऑगस्टात, तेव्हा आपल्या शाळा भरलेल्या. आपण मे महिन्यात भूमध्य समुद्राकडे गेलो तर गर्दी व दर दोन्ही बेताचे, पाणी मात्र अजून गार आणि भावंडे वर्गात. तरीही जाणार असल्यास शेंगेन प्रवेशपत्रासाठी प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो करावाच लागतो. जून २०२४पासून त्याचे शुल्क प्रौढांस ९० युरो व ६ ते १२ वर्षांच्या मुलांस ४५ युरो झाले. पाच जणांचा हा आकडा विमानभाड्याच्या आधीचा आहे, हे ध्यानात घ्यावे.

पुण्याच्या भावंडांचा प्रश्न त्याहून सोपा आहे. दोन्ही राज्यांच्या सुट्या १ मे ते २८ मे या काळात एकमेकींवर येतात. त्यातून पावसाच्या भीतीचे दिवस वगळले, की पहिला पंधरवडा उरतो. तो गर्दीचा आहे, पण भावंडांसह जावयाचे तर गर्दीची किंमत मोजावी, असेच मला वाटते. पुणे-मिरज-बेळगावकडून येणारा मार्ग आणि धारवाडचा मार्ग लोंढ्याला एकत्र येऊन तेथून पुढे गोव्याकडे उतरतो. दोन्ही घरांनी प्रवासाची तारीख फेब्रुवारीतच ठरवावी, आणि साठाव्या दिवशी सकाळी ८ला पुण्यात मावशीने व धारवाडात आईने आपापल्या घरून तिकिटे काढावीत. गाड्या वेगळ्या मिळाल्या तर लोंढ्याच्या फलाटावर एकमेकांची वाट पाहावी.