शाळिग्राम : ओळख, प्रकार आणि जतन

बुलढाणा जिल्ह्यात विष्णुभक्तीची परंपरा प्राचीन आहे. लोणार येथील दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर, मेहकर येथे १८८८ साली प्रकट झालेली श्री शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती आणि देऊळगाव राजा येथील श्री बालाजी ही त्याची ठळक उदाहरणे होत. या परिसरातील अनेक घरांच्या देव्हाऱ्यांत पिढ्यानपिढ्या शाळिग्राम पूजिला जातो. कार्तिक महिन्यात तुळशीचे लग्न लागते तेही बाळकृष्णाशी किंवा शाळिग्रामाशीच. असे असूनही खरा शाळिग्राम कोणता, तो येतो कोठून आणि त्याची निगा कशी राखावी, याविषयी भाविकांच्या मनात अनेक शंका असतात. पुष्कळदा यात्रेच्या ठिकाणी मोठी रक्कम देऊन बनावट दगड घरी आणला जातो. याउलट वाडवडिलांनी जपलेला खरा शाळिग्राम केवळ तडा गेला म्हणून नदीत सोडला जातो. या दोन्ही गोष्टी टळाव्यात, यासाठी ही माहिती भाविकांच्या सेवेत सादर करीत आहोत.

शाळिग्रामाचे मूळ स्थान

पंचायतन पूजेतील पाचही देवता निसर्गदत्त पाषाणरूपात पूजिल्या जातात. शोण नदीतील तांबडा दगड हा गणपती, नर्मदेतील बाण हा शंकर आणि गंडकीतील शाळिग्राम हा विष्णू होय. शाळिग्राम स्वयंभू मानला जात असल्याने त्याची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही. नेपाळमधील मुस्तांग जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवर श्री मुक्तिनाथाचे क्षेत्र आहे. त्याच्या खालून वाहणाऱ्या काली गंडकीच्या पात्रात हे काळे गोटे सापडतात. वृंदेच्या शापाने भगवान विष्णू पाषाणरूप झाले आणि वज्रकीट नावाच्या किड्याने त्या पाषाणात चक्रे कोरली, अशी पुराणकथा आहे.

भूशास्त्र याच चक्राची ओळख वेगळ्या शब्दांत सांगते. ते चक्र म्हणजे अ‍ॅमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या कवचाचा जीवाश्म होय. आज जेथे हिमालय उभा आहे तेथे कोट्यवधी वर्षांपूर्वी टेथिस नावाचा समुद्र होता. ज्युरासिक कालखंडाच्या उत्तरार्धात, म्हणजे सुमारे १६ कोटी ते १४.५ कोटी वर्षांपूर्वी, या समुद्राच्या तळाशी काळ्या चिखलाचे थर साचले. मेलेल्या अ‍ॅमोनाइटची कवचे त्यात गाडली गेली आणि त्यांच्याभोवती चिखल घट्ट होऊन कठीण गोटे तयार झाले. पुढे भारतीय भूखंड आशियावर आदळून समुद्रतळ उचलला गेला. नदीने तो खडक झिजवला आणि गोटे पात्रात मोकळे झाले. एका जीवाने चक्र घडविले, हे परंपरा सांगते आणि शास्त्रही सांगते. दोहोंतील हे साम्य मननीय आहे.

या आकृतीत देवत्व पाहणारा केवळ आपलाच समाज नव्हे. प्राचीन इजिप्तमधील आमोन या देवाला मेंढ्याची वळलेली शिंगे असत. त्या शिंगांशी असलेल्या साम्यावरूनच या प्राण्याला अ‍ॅमोनाइट हे नाव मिळाले. इंग्लंडमधील व्हिटबी येथे हेच जीवाश्म एका संत स्त्रीने दगड केलेले साप मानले जात.

बुलढाण्याच्या मातीत शाळिग्राम का नाही?

बुलढाणा जिल्ह्याचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर पडलेल्या तप्त लाव्ह्यापासून बनला. लाव्ह्यात समुद्री कवच टिकणे शक्य नाही. विशेष म्हणजे पृथ्वीवरून अ‍ॅमोनाइट नाहीसे झाले तो काळही साधारणतः हाच. म्हणजे देव्हाऱ्यातील शाळिग्राम हा घराच्या पायातील दगडापेक्षा सुमारे ८ कोटी वर्षांनी जुना असतो. भारतात ज्युरासिक अ‍ॅमोनाइट प्रामुख्याने कच्छ, जैसलमेर आणि हिमालयातील स्पिती येथे आढळतात.

आपल्याकडील शेतात व नाल्यात चक्रासारखे दिसणारे दगड मात्र मिळतात. त्यांची ओळख पुढीलप्रमाणे करावी.

१. झिजलेला बेसाल्ट : कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकात एक गोल थर दिसतात.
२. अकीक व गारगोटी : खडकाच्या पोकळीत तयार झालेले रंगीत, तुळतुळीत पट्टे असतात.
३. गोगलगाईचे जीवाश्म : लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये साचलेल्या तळ्यांच्या गाळात मिळतात. नागपूरजवळील टाकळी येथील असे जीवाश्म एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांना ज्ञात आहेत. यांचा वेढा शंकूसारखा वर चढत जातो.

पहिल्या दोन प्रकारांतील वर्तुळे बंद असतात. शाळिग्रामाचे चक्र बंद वर्तुळ नसते. ती एकच सलग रेषा असून मध्यापासून निघून वेढे घेत बाहेर येते आणि ते वेढे एकाच पातळीत असतात. ही खूण लक्षात ठेवल्यास सहसा फसगत होत नाही.

परंपरेतील वर्गीकरण

शाळिग्रामाचे भेद चक्रांची संख्या, द्वार म्हणजे मुख, आकार आणि रंग यांवरून ठरतात. ब्रह्मवैवर्त पुराणात ही लक्षणे दिली आहेत. एक चक्र असलेला तो सुदर्शन, चक्र गुप्त असलेला तो गदाधर. एक द्वार, चार चक्रे आणि वनमालेची रेघ असल्यास लक्ष्मीनारायण. अतिशय लहान व दोन चक्रांचा तो वामन. मोठे रुंद मुख आणि दोन चक्रे असलेला तो नृसिंह. सोनेरी झाक असलेल्यास हिरण्यगर्भ म्हणण्याची पद्धत आहे. गुप्तचक्र गोट्यात कवच आतच राहिलेले असते आणि सोनेरी झाक पायराइट या लोहखनिजामुळे येते.

शास्त्रीय वर्गीकरण

अभ्यासक प्रथम तो अ‍ॅमोनाइटच आहे का, हे पाहतात. अ‍ॅमोनाइटच्या कवचात आडव्या पडद्यांनी पाडलेले अनेक कप्पे असतात. पडदा कवचाला जेथे चिकटतो तेथे नक्षीदार, पानाच्या कडेसारखी वळणावळणाची रेषा उमटते. आजही समुद्रात जिवंत असलेल्या नॉटिलसमध्ये ही रेषा साधी असते. गोगलगाईच्या कवचात तर कप्प्यांची अशी रचनाच नसते.

त्यानंतर तीन गोष्टी तपासल्या जातात. आतले वेढे उघडे दिसतात की बाहेरच्या वेढ्याने झाकले आहेत. कवचावरील उंचवट्याच्या रेघा म्हणजे फासळ्या एकेरी आहेत की फाटे फुटलेल्या. आणि बाहेरच्या कडेवर खाच आहे की फासळ्या सलग पलीकडे जातात. उदाहरणार्थ, वेढे उघडे, फासळ्या दुभंगलेल्या आणि बाहेरच्या कडेवर त्या खंडित झालेल्या असल्यास तो बहुधा ब्लॅनफोर्डिसेरस असतो. फासळ्यांना अधिक फाटे फुटून त्या कडेवरून सलग जात असल्यास तो पेरिस्फिंक्टिस कुळातील समजावा. याच थरांत बाणाच्या टोकासारखे लांबट बेलेम्नाइटही मिळतात; ते अ‍ॅमोनाइटचे नातलग असले तरी त्यांना चक्र नसते.

बनावट शाळिग्रामापासून सावधगिरी

परंपरेने शाळिग्रामाचे मोल करणे निषिद्ध मानले आहे. तो प्रसाद म्हणून मिळावा किंवा वारशाने यावा, असा संकेत आहे. दुर्मीळ रूपाचे नाव सांगून भारी किंमत मागितली जात असेल, तर तेथेच सावध व्हावे. साध्या गोट्यावर कोरलेल्या चक्राची रेघ सर्वत्र सारख्या खोलीची असते व तिला फासळ्या नसतात. साच्यातून काढलेले नग एकमेकांशी तंतोतंत जुळतात आणि कडेला जोडाची रेघ दिसते. राळेचा नग हाताला हलका व कोमट लागतो. तांदळात ठेवल्यावर वजन वाढते, यांसारख्या कसोट्यांवर विसंबू नये.

चक्रांकित शाळिग्राम आणि ‘शाळिग्राम शिळा’ म्हणून ओळखला जाणारा मोठा काळा पाषाण यांतही फरक करावा. मोठ्या मूर्तीच्या काळ्या दगडात अ‍ॅमोनाइट असतोच असे नाही. २०२३ साली काली गंडकीच्या खोऱ्यातून दोन प्रचंड शिळा अयोध्येस आणण्यात आल्या होत्या. तेथे २२ जानेवारी २०२४ रोजी प्रतिष्ठापित झालेली श्रीरामांची मूर्ती मात्र कर्नाटकातील कृष्णशिळेची आहे. मूर्तीचे माहात्म्य दगडाच्या जातीवर अवलंबून नसते, हे यावरून ध्यानी यावे.

जतन कसे करावे?

१. अभिषेकानंतर शाळिग्राम स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ वस्त्राने पूर्ण कोरडा करावा. तो दूध, दही किंवा पाण्यात तासन्‌तास ठेवू नये.
२. तांब्या-पितळेच्या उपकरणांसाठी वापरतात ती चिंच किंवा लिंबू शाळिग्रामास लावू नये. काही गोट्यांतील पांढरे कॅल्साइट आंबट पदार्थाने विरघळते.
३. सोनेरी झाक असलेला शाळिग्राम विशेष कोरडा ठेवावा. ओलसर हवेत पायराइट कुजते, पिवळट-पांढरी पूड सुटते आणि कालांतराने गोटा फुटतो.
४. आत चक्र आहे का, हे पाहण्यासाठी अखंड शाळिग्राम कधीही फोडू नये.
५. खंडित शाळिग्रामही पूज्य आहे, असे शास्त्रवचन आहे. तडा गेला म्हणून त्याचे विसर्जन करण्याची आवश्यकता नाही.
६. घरात पूजा चालविणारे कोणी नसल्यास तो नदीत न सोडता, नित्यपूजा होत असलेल्या देवळातील पुजाऱ्यांशी किंवा आप्तांपैकी पूजा करणाऱ्या घराशी बोलावे. शाळिग्राम कोणी, कधी व कोठून आणला, हे कागदावर लिहून त्यासोबत द्यावे. एकदा हरवलेला हा इतिहास पुढच्या पिढीस पुन्हा मिळत नाही.