घळीला जाताना घाटमाथ्यावरचा पाऊस विचारा

महाड तालुक्यातली शिवथरघळ मुलांना घेऊन जायला सोपी म्हणून ओळखली जाते. पायथ्यापर्यंत गाडी जाते. पुढे बांधीव पायऱ्या आहेत, धरायला कठडा आहे. आजी-आजोबाही दमादमाने चढून जातात. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ही घळ शोधून काढली. समर्थ रामदासांनी दासबोध इथेच सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला अशी श्रद्धा आहे, म्हणून आत दोघांच्या मूर्ती आहेत. शेजारीच मोठा धबधबा कोसळतो.

पुण्यातलं एक कुटुंब श्रावणातल्या एका रविवारी तिकडे निघालं. आई, बाबा, आजोबा, सहावीतला मुलगा, दुसरीतली मुलगी आणि आत्याची दोन मुलं. वरंधा घाटातून जायचं ठरलं होतं. पण पावसाळ्यात दरडींच्या भीतीने हा घाट कधी जड वाहनांना, तर कधी सगळ्यांनाच बंद असतो. भोरला पोचल्यावर तो बंद असल्याचं कळलं. मग मागे फिरून ताम्हिणी, माणगाव, महाड असा लांबचा वळसा पडला. सकाळी अकराला पोचायचे ते दुपारी अडीचला पोचले. मुलं गाडीत बसून वैतागलेली, मोठी माणसं उशीर भरून काढायच्या घाईत.

घळीत सगळं छान झालं. अंधाराला डोळे सरावले, मुलांनी मूर्ती पाहिल्या, पाण्याचा घुमणारा आवाज ऐकला. अडचण झाली ती खाली उतरल्यावर. पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं, ओढ्यातलं पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं. चारही मुलं मधल्या खडकावर जाऊन बसली आणि आई डबे उघडू लागली. तेवढ्यात तिथल्या एका काकांनी वरून हाक मारली, ‘‘अहो ताई, पोरांना बाहेर काढा आधी! पाणी लाल झालंय.’’

आईने पाहिलं, तर मघाचं नितळ पाणी गढुळलं होतं आणि त्यावरून पाला-काटक्या वाहत होत्या. बाबांनी धाकटीला उचललं, आजोबांनी काठावरून काठी पुढे धरली, डबे तिथेच राहिले. मुलं काठावर आली आणि थोड्याच वेळात तो खडक पाण्याखाली गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण परतीच्या वाटेवर गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

ऊन असताना पाणी का वाढलं, याचं उत्तर डोंगराच्या रचनेत आहे. सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनलाय. दोन कठीण थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबडा, मातकट, मऊ थर असतो. पाण्याने तो आधी झिजतो आणि वरचा कातळ छपरासारखा पुढे उरतो. आपल्याकडच्या कित्येक नैसर्गिक घळी अशाच तयार झाल्या आहेत. म्हणजे ज्या पाण्याने घळ कोरली, ते बहुतेक वेळा तिच्या आसपासच वाहत असतं. ते येतं घाटमाथ्यावरून, आणि माथ्यावर कोसळणारा पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही. माथ्यावर मुसळधार सर आली की उघड्या कातळावरून पाणी झरझर खाली उतरतं आणि अरुंद ओढ्यात त्याचा लोंढा होतो.

लोणावळ्यात ३० जून २०२४ रोजी हेच घडलं. तोही रविवारच होता. भुशी धरणामागच्या धबधब्याच्या प्रवाहात उभं असलेलं एक कुटुंब अचानक वाढलेल्या पाण्यात अडकलं. एक महिला आणि चार मुलं वाहून गेली. काठावर माणसं होती, पण त्या वेगापुढे त्यांचं काही चाललं नाही. वेगाने वाहणारं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी धडधाकट माणसाचे पाय सुटतात, लहान मुलाची तर गोष्टच नको.

गुहा खोल असेल तर धोका आणखी वेगळा. थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ रोजी फुटबॉलचा सराव संपवून बारा मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक शिरले. पावसाच्या पाण्याने मागची वाट बुडाली. मुलं सापडली २ जुलैला, आणि सगळे बाहेर आले १० जुलैला. बचावकार्यात एका माजी नौसैनिक पाणबुड्याचा जीव गेला. गुहेतलं पाणी उपसण्याच्या कामात पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सच्या तज्ज्ञांनीही मदत केली होती. जुलै ते नोव्हेंबर पुराचा धोका, अशी पाटी त्या गुहेच्या तोंडाशी होती. मुलं आत गेली तेव्हा जून संपायला आठवडा होता. त्या वर्षी पावसाने पाटीवरच्या तारखेची वाट पाहिली नाही.

पुण्याच्या त्या कुटुंबाने तेव्हापासून काही गोष्टी पक्क्या केल्या आहेत. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघायचा. ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत रद्द, मुलांनी कितीही तोंड पाडलं तरी. घाटरस्ता चालू आहे का, हे निघण्यापूर्वी विचारायचं. हा खटाटोप फाजील नाही. याच महाड तालुक्यात २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली.

परत फिरायची वेळ घरीच ठरवायची. रस्त्यात उशीर झाला तर घळ बघण्याचा वेळ कमी होतो, परतीची वेळ पुढे सरकत नाही. चालीचा वेग सगळ्यात धाकट्याचा. एक मोठं माणूस सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे, मुलं मध्ये. ओल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हणून चपला नकोत, खाच असलेल्या तळव्याचे बूट हवेत. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी आणि ‘हरवलास तर जिथे आहेस तिथेच थांब, शिट्टी वाजव’ एवढी एकच सूचना. मोठ्यांकडे टॉर्च, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी वेळेला संपते आणि दरीत रेंजही जाते. कुठे चाललोय आणि किती वाजेपर्यंत परतू, हे घरी राहणाऱ्या एकाला सांगून ठेवायचं. त्या वेळेपर्यंत फोन आला नाही, तर त्याने ११२ वर कळवायचं.

जेवण ओढ्यात नाही, काठापासून उंच जागी. पाण्याचा रंग बदलला, पाला वाहू लागला किंवा आवाज जड झाला की सामान सोडून वर यायचं. समोर ऊन आहे की नाही, हे बघतही बसायचं नाही.

पाऊस सरल्यावर पाण्याची भीती कमी होते, पण कपारींत आग्यामोहळं असू शकतात. तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. वटवाघळांवर टॉर्च रोखू नये आणि खाली पडलेल्या वटवाघळाला मुलांनी हात लावू नये.

सगळ्यात उपयोगी माहिती मात्र तिथल्याच माणसांकडे असते. गाडी लावल्याबरोबर चहावाल्याला, मठातल्या सेवेकऱ्याला किंवा गुरं घेऊन चाललेल्या मामांना विचारावं: वर पाऊस कसा आहे, सकाळपासून पाणी किती चढलं, मुलांना ओढ्याशी नेलं तर चालेल का? उत्तर ‘आज नको’ असं आलं, तर घळीत दर्शन घ्यावं, मुलांना कठड्याआडून धबधबा दाखवावा आणि डबे गाडीत बसून खावेत.