मिरीच्या चढाओढीतून आलेली मिरची

जिच्यावाचून आपली भाकरी घशाखाली उतरत नाही ती मिरची सव्वापाचशे वर्षांपूर्वी या देशात नव्हतीच. तिखटासाठी मिरी, पिंपळी व सुंठ वापरीत. मिरचीचे मूळ घर अमेरिका खंडात. ती इकडे आली ती मिरीच्या व्यापारातील चढाओढीमुळे.

मलबारची मिरी अरब व व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमार्फत युरोपात जाई आणि दर हाताला भाव चढे. हे मधले हात टाळण्यासाठी १४९२ मध्ये स्पेनने कोलंबसला पश्चिमेच्या समुद्रमार्गाने धाडले. त्याला मिरी मिळाली नाही. कॅरिबियन बेटांवर मिरची मिळाली. १४९४ च्या तहाने स्पेन व पोर्तुगाल यांनी नवे प्रदेश आपसांत वाटून घेतले. (तेथील रहिवाशांना कोणी विचारले नाही!) पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला, १५०० मध्ये ब्राझीलला पोचले आणि १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. दोन्ही किनारे एकाच सत्तेच्या जहाजांनी जोडले गेले व सोळाव्या शतकात मिरची, काजू, अननस आपल्याकडे उतरले.

मिरीच्या वेलाला दमट हवा व आधाराचे झाड लागते आणि फळासाठी तीन-चार वर्षे थांबावे लागते. म्हणून तिच्या व्यापारावर तोफा व परवाने यांच्या बळावर मक्ता सांगता आला. मिरचीला मूठभर बी व परसातला वाफा पुरे. तिच्यावर मक्ता बसणे शक्यच नव्हते. तिचा प्रसार कोणा राजाने नव्हे, शेतकऱ्यांनी केला. ब्याडगीचा रंग, संकेश्वरीचा तिखटपणा, गोव्याची खोला मिरची ही त्यांच्याच निवडीची कमाई होय. खोला मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

जहाजांबरोबर पिके आली, तशा आजही किडी येतात. आग्नेय आशियातील एक फुलकिडा २०१५ मध्ये भारतात आढळला आणि २०२१ मध्ये त्याने आंध्र व तेलंगणातील मिरचीची फुले करपवून मोठे नुकसान केले. अशा किडीशी वा बोकड्याशी टक्कर देणारा गुण एखाद्या जुन्या गावरान वाणात असू शकतो. ते बी एकदा हरवले की पैसे मोजूनही परत मिळत नाही.

तेव्हा घरचे वाण असल्यास त्याचे बी स्वतः धरावे. मिरचीत कीटकांमुळे परपरागीभवन होते. म्हणून बियाण्याचा प्लॉट इतर वाणांपासून सुमारे ४०० मीटर दूर ठेवावा. ते जमत नसल्यास निवडलेल्या झाडांवर फुले येण्यापूर्वी बारीक जाळीचे कापड घालावे. झाडे बोकड्यामुक्त व वाणाच्या मूळ गुणांची निवडावीत. फळे झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावीत. बी सावलीत वाळवून कोरड्या, हवाबंद डब्यात ठेवावे व वाणाचे नाव आणि वर्ष लिहावे. संकरित मिरचीचे बी मात्र धरू नये. पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत.