थांबला होतास का रे?

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

काल वहिनीचा फोन आला. आधी शकूच्या लग्नाचं बोलली, मग हळूच म्हणाली, नवले पुलाजवळ कुणी पोरगा गाडीवरून पडला आणि आपल्या मंदारनं त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. खरंखोटं तूच सांग. मला रात्रभर झोप नाही.

व्हिडिओ एक वेळ पोरकटपणा म्हणून सोडून देईन. पण १०८ ला फोन केलास का? की इतकी माणसं उभी आहेत, कुणीतरी करेलच, असं वाटलं? त्या प्रत्येकाला तेच वाटत असतं, बाळा.

"पोलिसांचं लफडं नको" हे दादाचं पालुपद. त्याचं सोड, तो साधं पासपोर्टचं व्हेरिफिकेशन आलं तरी घामाघूम होतो. ३० मार्च २०१६ लाच सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं. चांगल्या हेतूनं मदत करताना जखमीचं काही बरंवाईट झालं तरी आपल्यावर खटला नाही. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही ही आपली मर्जी. एवढा शिकलास, हे मी सांगायचं?

अर्थात लोकांना ही धास्ती आम्हीच लावली. मी कॅज्युअल्टीत नवी होते तेव्हा रिक्षावाले अनोळखी माणसाला उचलून आणत, आणि आम्ही विचारायचो, "नातेवाईक का? मग बसा, पोलिस येईपर्यंत जायचं नाही." एक जण शर्टावर दुसऱ्याचं रक्त वाळवत संध्याकाळपर्यंत बाकावर बसला होता. जाताना म्हणाला, "सिस्टर, आता कुणाला आणायचो नाही." त्याला साधा चहासुद्धा विचारला नाही मी. १९८९ मध्ये कोर्टानं बजावलं होतं, आधी उपचार, कागद नंतर. पण खिडकीवरची सवय सुटायला फार वर्षं गेली.

आणि हे बघ, बेशुद्ध माणसाला पाणी पाजायचं नाही. लोक हमखास पाजतात. तोंडातून रक्त येत असेल तर उताणा ठेवू नये. मान न वळवता, दोघातिघांनी मिळून कुशीवर करावं. जखमेवर रुमाल दाबून धरायचा, सारखा उचलून बघायचा नाही. पण हे सगळं थांबलं तर. थांबला होतास का रे?

फार बोलले. नववीत असताना रात्री उठून आजोबांना कूस बदलून देणारा पोरगा तू. घाबरला असशील. रक्त पाहून भली भली माणसं थिजतात, हातात मोबाइल असतो, तोच वर जातो. तसं झालं असेल तर तसं सांग, मी रागावणार नाही.

फोन ठेवता ठेवता वहिनी म्हणाली की हल्ली तूही रात्री अकराला त्याच रस्त्यानं गाडीवरून येतोस, आणि हेल्मेटचा पट्टा तुटलाय. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. उद्या तू पडलास तर तिथं कोण उभं असेल, एवढंच डोक्यात फिरतंय.

रविवारी ये. एसटीनं ये, गाडी काढू नकोस. भरीत-भाकरी करते, आणि संध्याकाळी बाजारात जाऊन हेल्मेट घेऊ. पैसे मी देणार, तोंड वाकडं करायचं नाही.

तुझी,
आत्या