नाताळच्या झाडाला कोणता रंग?



डिसेंबर उजाडला की माळ्यावरचे खोके खाली येते. झाडाचे सुटे भाग, गुंता झालेल्या दिव्यांच्या माळा, दोनचार फुटके गोळे. पूर्वी हाती येईल ते झाडावर लागत असे. आता झाडालाही 'थीम' हवी असते. एका वर्षी लाल-सोनेरी, दुसऱ्या वर्षी निळे-चंदेरी. ठरावीक रंगांत सजवलेले झाड सुंदर दिसते, यात शंका नाही. पण थीम बदलली की मागच्या वर्षीचे सामान 'जुळत नाही' म्हणून खोक्यातच राहते आणि नव्याचा खर्च येतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलाने केलेला कागदी देवदूतही मग झाडामागे लपवला जातो, कारण त्याचे पंख हिरवे आणि थीम निळी! म्हणून रंगांचा विचार जरा मुळापासून करू या.

मध्ययुगात जर्मन प्रदेशांत 24 डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांचा स्मरणदिन मानला जात असे. त्यांची कथा नाटकरूपाने दाखवताना एदेन बाग म्हणून सदाहरित झाड उभे करीत आणि त्याला लाल सफरचंदे टांगीत. पुढे अशी झाडे घरांत आली. स्ट्रासबुर्ग शहरातील 1605 सालच्या एका वर्णनात घरातल्या झाडांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, भाकरीच्या पातळ चकत्या, सोनेरी वर्ख आणि साखरेचे पदार्थ लावल्याची नोंद आहे. सफरचंद पाहिले की उत्पत्तीच्या 3ऱ्या अध्यायातील पतन आठवते, आणि पांढरी चकती पाहिली की वेदीवरची भाकर. पाप आणि तारण एकाच झाडावर! आपण आज टांगतो ते लाल गोळे त्या सफरचंदांचेच वारसदार आहेत. काचेचे गोळे 19व्या शतकात जर्मनीतील लाउशा या काचकामाच्या गावातून प्रसिद्ध झाले.

झाड मुळात आपले नव्हे, गोठाच खरा, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. गोठ्याचा मान पहिला, हे मान्यच. परंतु रोममध्ये संत पेत्राच्या चौकात 1982 पासून पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात गोठ्याशेजारी झाडही उभे राहू लागले. लोकभक्तीविषयीची व्हॅटिकनची मार्गदर्शिका 2001 साली तयार झाली. या झाडाकडे पाहून एदेन बागेतील जीवनाचा वृक्ष आणि क्रुसाचे झाड ही दोन्ही आठवावीत, असे तीत सुचवले आहे. म्हणजे झाड चालेल, पण ते काय सांगते हे घरातल्या लहानांना माहीत हवे.

आता रंग. ख्रिस्तसभेची रंगांची योजना आपण दर रविवारी वेदीवर पाहतो. आगमनकाळात जांभळा, तयारीचा आणि पश्चात्तापाचा. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी गुलाबी वापरता येतो, कारण तो आनंदाचा रविवार. प्रतीक्षा अर्ध्यावर आल्याची ती खूण. नाताळच्या रात्रीपासून पांढरा, आणि मोठ्या सणाला सोनेरीही चालतो. मग लगेच 26 डिसेंबरला संत स्तेफन आणि 28 ला निष्पाप बालके यांच्या सणांना लाल, रक्तसाक्ष्यांचा. निळा रंग चित्रांतून पवित्र मरियेच्या वस्त्राचा म्हणून आपल्याला प्रिय आहे, पण उपासनेच्या सर्वसाधारण रंगांत तो येत नाही. (घरच्या झाडावर लावायला अर्थातच कोणाची हरकत नाही.) हिरवा मात्र झाड स्वतःच घेऊन येते. इशायाच्या बुंध्याला फुटणारा कोंब यशया 11:1 मध्ये वाचावा.

ही योजना घरी आणणे कठीण नाही. आगमनकाळात झाडावर फक्त जांभळ्या फिती बांधाव्यात. तिसऱ्या रविवारी मुलांच्या हातून एकच गुलाबी फीत लावून घ्यावी आणि 'आज गुलाबी का?' हे त्यांनाच सांगायला लावावे. 24 तारखेला संध्याकाळी जांभळ्या फिती सोडून पांढरे, सोनेरी आणि काही लाल गोळे लावावेत, मध्यरात्रीच्या मिस्साला निघण्यापूर्वी लूक 2:1-14 वाचावे आणि मग दिवे पेटवावेत. घरातला दिव्यांचा लखलखाट नोव्हेंबरातच सुरू झाला, तर नाताळच्या रात्री उजळायला काय उरले? आगमनकाळात वेदीवरची फुलेही बेताचीच असतात, ती याच कारणाने.

सजावटीचे तंत्र थोडक्यात. माळ आधी जमिनीवर पसरून लावून पाहावी. वायर सोललेली असेल तर ती मुळीच वापरू नये, आणि झोपण्यापूर्वी व घराबाहेर पडण्यापूर्वी बटण बंद करावे. दिवे प्रथम, खोडापासून टोकाकडे. मग मोठे गोळे आतल्या बाजूला व खाली, लहान गोळे फांद्यांच्या टोकांना व वर. एक रंग भरपूर, दुसरा त्याच्या निम्मा, चमकणारा सर्वांत कमी. पांढरा आणि सोनेरी कोणत्याही रंगाशी भांडत नाहीत, त्यामुळे तो हिरव्या पंखांचा देवदूत त्यांच्यात खुशाल पुढच्या बाजूला लावता येतो. आजीने जपलेली जुनी घंटाही. एकदा घेतलेल्या फिती आणि गोळे दर वर्षी तेच, म्हणून नवीन खर्चही नाही. खऱ्या झाडाची हौस असेल तर कुंडीतले रोप आणावे. किनाऱ्यावरच्या सुरूच्या फांद्या तोडू नयेत, तीच झाडे आपली वाळू आणि वारा अडवतात.

वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती दुकानातल्या कोणत्याच थीममध्ये सापडत नाही. झाडाखाली ज्या भेटी ठेवतो त्यांत गरिबांसाठीही काहीतरी असावे, कारण गरीब हे प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाचेच घटक आहेत. यंदा नवे गोळे न घेता जे पैसे वाचतील, त्यांतून एक भेट बांधावी आणि ती घरच्या भेटींसारख्याच चांगल्या कागदात असावी. जुने कपडे नकोत. तांदूळ, डाळ, चादर किंवा एखाद्या मुलाची वह्यापुस्तके असे काहीतरी असावे. कोणासाठी, हे घरात सर्वांनी मिळून ठरवावे आणि शक्यतो 25 तारखेच्या आतच ती पोहोचवावी, म्हणजे त्या घरातही नाताळ नाताळच्याच दिवशी होईल.

झाड 26 तारखेलाच उतरवण्याची घाई करू नये. नाताळकाळ जानेवारीत येणाऱ्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. त्यानंतर गोळे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावेत आणि जांभळ्या फिती खोक्यात सर्वांत वर, पुढच्या आगमनकाळी त्याच आधी लागतील.