शेजारशाळा आणि पंचवीस टक्के जागा : बेळ्ळंदूरच्या निमित्ताने

बंगळुरूच्या आग्नेयेस, बाह्य वर्तुळाकार मार्गालगत वसलेले बेळ्ळंदूर २००७ पर्यंत ग्रामपंचायतीचे गाव होते. त्या वर्षी शंभराहून अधिक गावांसह ते बृहत् बंगळुरू महानगरपालिकेत सामील झाले. माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे तळ्याभोवतीच्या शेतजमिनींवर कार्यालये व निवासी संकुले उभी राहिली आणि पाठोपाठ खासगी इंग्रजी शाळा आल्या. या संकुलांत धुणीभांडी, साफसफाई व पहारा करणाऱ्या कुटुंबांची मुले मात्र बहुतांशी सरकारी शाळेवर अवलंबून राहिली.

परिसरातील सर्व थरांतील मुलांनी एकाच शाळेत शिकावे, ही शेजारशाळेची कल्पना कोठारी आयोगाने (१९६४-६६) मांडली होती. ८६ व्या घटनादुरुस्तीने (२००२) अनुच्छेद २१-क आला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा, २००९ लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(ग) ने विनाअनुदानित खासगी शाळांना पहिलीच्या किमान २५ टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखणे बंधनकारक केले. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तेवढ्या वगळल्या.

खरा वाद पुढे, नियमांवरून झाला. परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर तेथील खासगी शाळेवर हे बंधन राहणार नाही, अशी दुरुस्ती कर्नाटकाने २०१९ च्या प्रारंभी अमलात आणली. सरकारी शाळांची घटती पटसंख्या आणि शुल्क-प्रतिपूर्तीचा वाढता भार ही त्यामागची कारणे. मे २०१९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती ग्राह्य मानली. महाराष्ट्राने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी एक किलोमीटर अंतराची तशीच अट घातली. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र १९ जुलै २०२४ रोजी ती मूळ कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

परीक्षार्थींनी येथे तारखांपेक्षा दोन अन्वयार्थांतील अंतर ध्यानी घ्यावे. कलम १२ हे सरकारी शाळांची उणीव भरून काढण्याचे साधन मानले, तर कर्नाटकाची भूमिका सुसंगत ठरते. भिन्न थरांतील मुलांना एका वर्गात आणणे हा हेतू मानला, तर सरकारी शाळेचे जवळ असणे गैरलागू होते. कायद्याच्या शब्दांत अशी अट नाही, हे दुसऱ्या अर्थाचे मोठे बळ.

बेळ्ळंदूरसारख्या उपनगरात हा फरक विशेष जाणवतो. गाव शहरात विलीन झाले तरी गावची सरकारी शाळा सहसा जागेवरच असते. परिणामी जेथे खासगी शाळांची दाटी सर्वाधिक, नेमकी तेथेच अशी अट त्यांना दायित्वातून मोकळे करते. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या वाघोलीसारख्या गावांतही जिल्हा परिषदेच्या शाळांमुळे हेच घडले असते.

खर्चाचा युक्तिवाद वरवर बिनतोड भासतो. तथापि कलम १२(२) नुसार शाळेला मिळणारी रक्कम शासनाचा प्रतिविद्यार्थी खर्च किंवा शाळेचे प्रत्यक्ष शुल्क, यांपैकी जी कमी असेल तेवढीच असते. म्हणजे या मुलावर शासनाचा खर्च सरकारी शाळेतील सरासरीहून अधिक होत नाही. उलटपक्षी, मुले गेली तरी सरकारी शाळेची इमारत व शिक्षकांचे वेतन यांवरील खर्च लगेच घटत नाही, ही कर्नाटकाच्या बाजूची अडचणही खरीच आहे.