हलक्या मोटारीचे पुढील पंख व ते बसविण्याची रीत

चाकावरील ज्या आच्छादनास आपण नित्याच्या बोलण्यात मडगार्ड म्हणतो, त्यास इंग्लंडातील मोटारकारागीर ‘विंग’ म्हणजे पंख असे म्हणतात. नाव मोठे काव्यमय. पण काम मात्र साधे, चिखल व खडे अडविण्याचे. हा पंख फुटला असता त्याच्या जागी नवा कसा बसवावा, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. विषय लहान खरा, परंतु चांगला कारागीर हात चालविण्यापूर्वी डोके कसे चालवितो, हे त्यावरून उत्तम प्रकारे कळते. या सर्व कामाचे सूत्र एकच आहे, ते आरंभीच सांगून ठेवतो: पंख बसवावयाचा तो उभ्या चाकाला नव्हे, तर चालत्या चाकाला.

प्रथम ज्या मोटारीविषयी बोलावयाचे तिची ओळख करून घेऊ. सन १९५७ मध्ये इंग्लंडात कॉलिन चॅपमन या कल्पक यंत्रज्ञाच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची एक दोन माणसांची उघडी मोटार बाजारात आणली. यंत्राची शक्ती वाढवीत बसण्यापेक्षा गाडीचे वजन कमी करावे, म्हणजे ती आपोआप चपळ होते, हे चॅपमन यांचे धोरण होते. पुढे १९७३ मध्ये ही गाडी बनविण्याचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. आपल्या महाराष्ट्रातही याच घडणीची एक मोटार तयार झाली आहे. अलिबागजवळ कार्लेखिंड येथे २००३ साली स्थापन झालेल्या चिंकारा मोटर्स या कारखान्याने ‘रोडस्टर’ नावाची उघडी मोटार तयार केली. तिचे अंग फायबरचे, आणि यंत्र आपल्या जुन्या ॲम्बॅसडर गाडीत बसत असे तेच, इसुझू बनावटीचे. चिंकारा म्हणजे चपळ पायांचे लहानसे हरिण; तेव्हा नाव यथार्थच होय.

या जातीच्या मोटारीत पुढील चाके अंगाच्या बाहेर, उघडी असतात. म्हणून त्यांवरील पंखास विशेष महत्त्व आहे. त्याचे कारण गणिताने पाहू. मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असता टायरचा घेर मोटारीच्या मानाने सेकंदास १६ मीटरांहून अधिक वेगाने फिरतो. त्यास चिकटलेला चिखल किंवा खडा सुटतो तो आऱ्याच्या दिशेने सुटत नाही, तर वर्तुळाच्या स्पर्शरेषेने सुटतो. चाकाच्या मागच्या बाजूने सुटलेला कण वर उडतो. माथ्याजवळ सुटलेला पुढे फेकला जातो, पण हवा त्यास रोखते आणि वेगाने येणारी मोटारच त्याच्यावर जाऊन आदळते. उघड्या मोटारीत या दोन्ही कणांचे लक्ष्य एकच, ते म्हणजे चालकाचे तोंड. यावरून पंख माथ्याच्या थोडा पुढून आरंभ करून मागे बराच खाली का आणतात, हे ध्यानात येईल. शिवाय खडा मागून येणाऱ्या सायकलस्वारास किंवा कडेने चालणाऱ्या मुलासही लागू शकतो. म्हणजे पंख हा केवळ मालकाच्या सोयीचा नसून शेजाऱ्याच्या रक्षणाचाही भाग आहे.

पंख दोन प्रकारचे असतात. पहिला सायकलच्या मडगार्डासारखा अरुंद. तो पोलादी आधारपट्ट्यांच्या योगे चाक धरून ठेवणाऱ्या भागावरच बसविलेला असतो. म्हणून चाक वळले की तोही वळतो, चाक खड्ड्यातून उसळले की तोही उसळतो. दुसरा शिंपल्यासारखा रुंद व पसरट. तो मोटारीच्या अंगास जोडलेला असल्याने जागच्या जागीच राहतो आणि चाक त्याखाली स्वतंत्रपणे वळते व उसळते. पहिल्याचे चाकापासूनचे अंतर जवळजवळ कायम राहते. दुसऱ्याचे क्षणोक्षणी बदलते. हा भेद न ओळखता काम करणारा मनुष्य पुढे निश्चित अडचणीत येतो. आता कामाचा क्रम पाहू.

पूर्वतयारी.— मोटार सपाट व टणक जमिनीवर उभी करावी, हातब्रेक ओढावा व मागील चाकांस पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावे. पुढील भाग जॅकने उचलल्यावर तो मजबूत लोखंडी घोड्यांवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर मोटारीखाली हात किंवा डोके कदापि घालू नये. जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. पंखावर वळणाचा दिवा असेल तर बॅटरीची ऋण तार आधी सोडावी. जुना पंख काढण्यापूर्वी त्याची जागा मोजून लिहून ठेवावी: माथा टायरपासून किती उंच, पुढील कड किती पुढे, मागील कड जमिनीपासून किती वर. एक पंख शाबूत असेल तर तोच उत्तम नमुना होय. मात्र उजवा व डावा एकमेकांचे प्रतिबिंब असतात, एकमेकांची प्रत नव्हे, हे विसरू नये. गंजलेल्या नटावर तेल सोडून काही वेळ थांबावे; बळ करून बोल्ट तोडण्यापेक्षा अर्धा तास वाट पाहणे स्वस्त पडते.

आधाराची परीक्षा.— पंख का फुटला, हा प्रश्न नवा पंख हाती घेण्यापूर्वीच विचारावा. पुष्कळदा दोष पंखाचा नसून आधारपट्टीचा असतो. ती वाकलेली असेल किंवा सांध्यापाशी तिला बारीक चीर गेली असेल, तर पंखावर सतत ताण येतो व छिद्रांपासून तडे जातात. अशा पट्टीवर नवा पंख बसविणे म्हणजे ओल मारणाऱ्या भिंतीस नुसती सफेदी करणे होय. पट्टी पुसून स्वच्छ करावी, उजेडात निरखावी, दुसऱ्या बाजूच्या पट्टीशी ताडून पाहावी, आणि चीर दिसल्यास बदलावी.

कोरडी बसवणी.— येथेच सर्व कामाचे मर्म आहे. छिद्र न पाडता पंख नुसता ठेवून पाहण्यास कोरडी बसवणी म्हणतात. चाकावर तेच टायर असावे जे पुढे वापरावयाचे आहे, आणि त्यात हवाही नेमकी असावी. सायकल-पद्धतीच्या पंखासाठी सारख्या जाडीच्या तीन-चार लाकडी पट्ट्या किंवा रबरी नळीचे तुकडे टायरच्या माथ्यावर चिकटपट्टीने लावावे व त्यांवर पंख ठेवावा. म्हणजे सर्वत्र अंतर सारखे राहते. हे अंतर निर्मात्याने सांगितले असेल तेच प्रमाण मानावे. तरी ते फार कमी नसावे, याचे कारण आपल्या मुलखातील मुलांना सांगावयास नको. पावसाळ्यात वरोऱ्याकडील काळ्या मातीच्या पांदणीतून ज्याने सायकल नेली असेल, त्याला ठाऊक आहे की मडगार्ड व चाक यांच्यामध्ये चिकण माती ठासून भरते आणि अखेर सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते. अरुंद जागा पाहण्यास सुबक दिसते, पण चिखलाला सुबकपणा कळत नाही.

यानंतर चाकाची परीक्षा घ्यावी. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे व पंख कोठे अंगास, ब्रेकच्या नळीस किंवा तारेस घासतो काय ते पाहावे. शिंपली-पद्धतीचा पंख असेल तर आणखी एक परीक्षा आवश्यक आहे. मोटार घोड्यांवर भक्कम ठेवून चाकाखाली दुसरा जॅक लावावा व खड्ड्यात जितके उसळेल तितके चाक वर उचलावे; मग त्याच स्थितीत ते दोन्हीकडे वळवावे. उभ्या स्थितीत चार बोटे असलेले अंतर या वेळी बोटभरही उरत नाही, असे कित्येकदा आढळते. गडचिरोलीकडील जंगलाच्या रस्त्यावर पहिल्याच पावसानंतर चाकास असे उसळावे लागणार. तेव्हा टायर पंखास घासून तो फाटेल, किंवा पंख चाकात ओढला जाऊन मोटारीची दिशा चुकेल. हा धोका घरच्या अंगणात, मोटार उभी असतानाच शोधून काढावयाचा असतो.

सममिती.— दोन्ही पंख सारखे दिसावे म्हणून मोटारीच्या मध्यरेषेपासून दोहोंची अंतरे टेपने मोजावी. गवंड्याचा ओळंबा येथे फार उपयोगी पडतो: पंखाच्या कडेवरून तो सोडावा व जमिनीवर खडूने खूण करावी, मग दोन्ही बाजूंच्या खुणा ताडून पाहाव्या. शेवटी दहा पावले मागे जाऊन डोळ्यानेही पाहावे. परंतु डोळा व टेप यांत मतभेद झाल्यास प्रथम टेप पुन्हा लावावी.

छिद्रे पाडणे.— फायबर म्हणजे काचेचे बारीक तंतू व रेझिन यांचे मिश्रण. पोलादाचे वजन तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या पावणेआठपट, तर फायबरचे सुमारे दीडपट. म्हणूनच हलक्या मोटारीस ते प्रिय आहे. परंतु ते वाकण्याऐवजी तडकते. छिद्राच्या जागी चिकटपट्टी लावून तीवर खूण करावी, मागून लाकडाचा आधार द्यावा, प्रथम बारीक व नंतर मोठे ड्रिल वापरावे आणि जोर अगदी कमी लावावा. छिद्र कडेच्या फार जवळ नसावे, व बोल्टाहून किंचित मोठे असावे. याचे कारण उष्णता. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या मोटारीचे अंग त्याहूनही तापते. फायबर हे पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते. बोल्ट छिद्रात घट्ट रुतलेला असेल तर त्यास सरकण्यास जागा न मिळून तेथेच तडा जातो. या कामात काचेची धूळ उडते. ती फुप्फुसास व डोळ्यांस अपायकारक असल्यामुळे नाकातोंडावर योग्य मास्क, डोळ्यांवर चष्मा व अंगात लांब बाह्यांचा सदरा असावा, आणि काम मोकळ्या हवेत करावे.

बोल्ट आवळणे.— प्रत्येक बोल्टाखाली रुंद वायसर घालावे, म्हणजे भार एका बिंदूवर न पडता पसरतो. पट्टी व पंख यांच्यामध्ये रबराचा पातळ तुकडा द्यावा. नट आतून नायलॉनचे कडे असलेले घ्यावे. ते धक्क्यांनी सहसा सैल होत नाहीत. सर्व बोल्ट प्रथम हाताने लावून, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जावे. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर पंख पिळतो. फायबरवर पाना लावताना बळाची परीक्षा नसून संयमाची असते. जादा आवळल्यास बोल्टाभोवती ताऱ्याच्या आकाराचे तडे उमटतात. काही मोटारींत पंख बोल्टाऐवजी चिकटद्रव्याने जोडतात. तेथे दोन्ही पृष्ठे पॉलिश पेपरने खरवडून स्वच्छ करावी, आणि डब्यावर सांगितला असेल तितका वेळ जोड हलवू नये.

अखेरची तपासणी.— दिव्याची तार जोडताना चाक पूर्ण वळले तरी ती ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवावी. मग पुन्हा एकवार स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून पाहावे. मोटार प्रथम मंद गतीने खडबडीत रस्त्यावर नेऊन आणावी, थांबून टायरवर व पंखाच्या आतील बाजूस घासल्याची खूण पाहावी आणि सर्व बोल्ट पुन्हा तपासावे. ही दुसरी तपासणी आळसाने टाळली जाते. परंतु बोल्ट सैल होतात ते चालल्यानंतरच.

आता वर सांगितलेल्या स्पर्शरेषेच्या नियमाचा पडताळा घरीच घ्या. सायकल उलटी करून ठेवा, मडगार्ड नसलेल्या मागील चाकाच्या टायरवर थोडे पाणी शिंपडा व बोटे दूर ठेवून पायडल फिरवा. थेंब कोणत्या दिशेने सुटतात, ते कागदावर रेखाटा. मग मडगार्ड कोठून कोठपर्यंत असावे, ते स्वतः ठरवा व कंपनीने बसविलेल्या मडगार्डाशी ताडून पाहा.

पालकांसही दोन शब्द सांगणे अवश्य वाटते. मुलगा किंवा मुलगी पाना हाती घेऊ लागली की अभ्यास बुडाला, अशी भीती अनेक घरांत वाटते. परंतु वरील कामात भूमिती आहे, पदार्थविज्ञान आहे, आणि परीक्षेच्या कागदावर न मावणारा एक गुणही आहे: न पाहिलेल्या धक्क्याचा आधीच विचार करण्याचा. आमचा प्रभू येशू नासरेथ येथे सुताराच्या घरी वाढला. तेव्हा हाताचे काम हलके मानण्याचा अधिकार निदान आम्हा ख्रिस्ती जनांस तरी नाही. जे मूल छिद्र पाडण्यापूर्वी चाक वळवून, उचलून पाहण्यास शिकले, त्याच्या हाती पुढे मोटार असो, शेत असो की संसार असो, ते त्याच सावधपणाने सांभाळील.